राष्ट्राध्यक्ष गारफील्ड : एक चरित्र व एका जखमेचा बोध

थोर पुरुषांची चरित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवण्याचा प्रघात जुना आहे. गरिबीत जन्मास येऊन केवळ उद्योगाच्या व सदाचरणाच्या बळावर उच्च पदास चढलेल्या पुरुषाची कथा वाचली म्हणजे होतकरू मुलाच्या मनास उभारी येते. आणि मुलाच्या शिक्षणासाठी स्वतःच्या पोटास चिमटा घेणाऱ्या आईबापांसही, आपले कष्ट वाया जाणार नाहीत, असा धीर येतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे विसावे राष्ट्राध्यक्ष जेम्स अब्राम गारफील्ड यांचे चरित्र याच जातीचे आहे. परंतु आम्ही आज ते सांगावयास बसलो आहो ते एवढ्याच कारणासाठी नव्हे. या पुरुषाच्या जीवनाइतकाच त्याचा मृत्यूही बोधप्रद आहे. पाठीत गोळी लागून ते अंथरुणास खिळले आणि एकोणऐंशी दिवसांनी वारले, एवढे इतिहासाच्या पुस्तकांत नमूद असते. त्यांचा प्राण गोळीने घेतला की गोळी शोधणाऱ्या हातांनी घेतला, या प्रश्नाचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. तो आपण येथे करू.

कोणी म्हणेल की, सात समुद्रांपलीकडच्या या पुरुषाशी आम्हां वऱ्हाडकरांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या काळ्या जमिनीतून उगवलेला आहे. इ.स. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेत उत्तरेकडील व दक्षिणेकडील संस्थानांत घोर यादवी युद्ध झाले. दक्षिणेचा कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, तेव्हा त्या गिरण्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे वळले, व वऱ्हाडच्या कापसास पूर्वी कधी न मिळालेला भाव येऊ लागला. अकोला, अमरावती, खामगाव या पेठा भरभराटीस आल्या. आगगाडीचा रस्ता अकोल्यावरून व बडनेऱ्यावरून पुढे जाऊन १८६७ साली नागपुरास पोहोचला आणि १८७० साली खामगावास त्याची शाखा आली. युद्ध थांबताच भाव कोसळले व अनेक सावकारांची दिवाळी निघाली, ही गोष्टही आपल्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली असेल. ज्या युद्धामुळे आपल्या गावच्या बाजारात रुपया खुळखुळला, त्याच युद्धात गारफील्ड उत्तरेकडून लढत होते. उत्तरेचा जय होऊन तेथील गुलामगिरी नष्ट झाली, आणि महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. म्हणून हे चरित्र आपणांस अगदीच परके नाही.

जेम्स याचा जन्म १९ नोव्हेंबर १८३१ रोजी ओहायो संस्थानातील एका खेड्यात, ओंडके रचून केलेल्या झोपडीत झाला. तो दोन वर्षांचाही झाला नव्हता तोच त्याचे वडील वारले. आई एलायझा ही मोठ्या धीराची बाई होती. शेत विकून व मुले नातलगांत वाटून टाकून मोकळे होण्याचा मार्ग तिने पत्करला नाही. वडील मुलगा थॉमस याच्या मदतीने तिने शेती राखली, आणि धाकट्या जेम्सला वाचनाची गोडी लावली. समुद्रावरच्या सफरींची पुस्तके वाचून त्या मुलाच्या डोक्यात खलाशी होण्याचे वेड शिरले. सोळाव्या वर्षी तो घर सोडून निघाला. परंतु समुद्र राहिला दूर, आणि त्याच्या वाट्यास आला तो कालव्यातील नावा ओढणारी खेचरे हाकण्याचा धंदा! या धंद्यात तो कितीदा तरी पाण्यात पडला. पोहता धड येत नसल्यामुळे एकदोन वेळा तर जिवावरच बेतले. सुमारे सहा आठवड्यांत हिवतापाने त्याला गाठले, आणि खलाशी व्हावयास निघालेला हा वीर कुडकुडत आईच्या दारी परत आला.

आईने त्यास बोल लावला नाही. तिने त्याची शुश्रूषा केली, व तो बरा झाल्यावर जवळ साठविलेले थोडे पैसे त्याच्या हाती देऊन त्यास शाळेत जाण्याविषयी विनविले. येथून जेम्सच्या आयुष्यास वळण लागले. सुट्टीत सुतारकाम करावे, हिवाळ्यात खेड्यातील लहान मुलांची शाळा चालवावी, व मिळालेल्या पैशांतून पुढच्या सत्राची फी भरावी, असा त्याचा क्रम सुरू झाला. १८५१ साली तो हायरम या गावच्या विद्यालयात आला, तेव्हा फीच्या मोबदल्यात त्याने तेथे झाडलोट करण्याचे व घंटा वाजविण्याचे काम पत्करले. ज्या विद्यालयाचे वर्ग त्याने झाडले, त्याच विद्यालयात तो पुढे शिक्षक झाला, आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी, म्हणजे १८५७ साली, त्याच विद्यालयाचा मुख्य झाला. मधल्या काळात विल्यम्स कॉलेजातून १८५६ साली त्याने पदवी घेतली होती. लॅटिन व ग्रीक या दोन्ही भाषांवर त्याचे प्रभुत्व होते, आणि ख्रिस्ती उपासनामंदिरांत तो उपदेशही करी. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांस वर्गातील केर काढण्याची पाळी आली म्हणजे अपमान वाटतो, त्यांनी ही हकीकत दोनदा वाचावी.

१८५८ साली गारफील्ड यांचा विवाह त्यांच्या सहाध्यायिनी ल्युक्रीशिया रुडॉल्फ यांच्याशी झाला. पुढे ते राजकारणात शिरले व त्यांनी वकिलीची परीक्षाही दिली, तोच युद्ध पेटले. पुस्तकांत रमणारे हे गुरुजी कर्नल होऊन ओहायोच्या बेचाळिसाव्या पलटणीचे नायक झाले, व त्या पलटणीत त्यांच्या विद्यालयातील अनेक विद्यार्थी भरती झाले. जानेवारी १८६२ मध्ये मिडल क्रीक येथे त्यांनी शत्रूस मागे हटविले. पुढील वर्षी चिकामॉगाच्या लढाईत सैन्याची दाणादाण उडाली असता ते गोळ्यांच्या वर्षावातून घोडा फेकीत आघाडीवर गेले. या पराक्रमाबद्दल त्यांस मेजर जनरल हा हुद्दा मिळाला. त्याच वर्षाच्या अखेरीस ते लोकप्रतिनिधींच्या सभेत दाखल झाले, व सतरा वर्षे तेथे राहिले. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय लोकांस मताधिकार व शिक्षण मिळावे, असा त्यांचा पक्ष होता.

भूमितीचा ज्यांस धाक वाटतो अशा विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट येथे मुद्दाम सांगतो. काटकोन त्रिकोणाच्या कर्णावरील चौरस हा बाकीच्या दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हा पायथागोरसचा सिद्धान्त आपण वर्गात शिकतो. १८७६ साली, राज्यकारभाराच्या धामधुमीत असताना, गारफील्ड यांनी या सिद्धान्ताची एक नवी सिद्धता शोधून काढली, व ती एका शिक्षणविषयक नियतकालिकात छापून आली. दोन सारखे काटकोन त्रिकोण असे मांडावयाचे की एकाची लहान बाजू व दुसऱ्याची मोठी बाजू एका सरळ रेषेत यावी. मग वरची दोन टोके जोडली म्हणजे एक समलंब चौकोन तयार होतो. त्याचे क्षेत्रफळ एकदा संपूर्ण आकृतीचे म्हणून काढावे, व एकदा आतील तीन त्रिकोणांची बेरीज म्हणून काढावे. दोन्ही उत्तरे समोरासमोर ठेवली की सिद्धान्त आपोआप हाती येतो. वहीच्या पाठपानावर हे अवश्य करून पाहावे.

१८८० साली शिकागो येथे रिपब्लिकन पक्षाची सभा भरली. अध्यक्षपदासाठी गारफील्ड हे उमेदवार म्हणून गेले नव्हते. ते दुसऱ्याचे नाव सुचविण्यास गेले होते. परंतु मोठमोठ्या उमेदवारांच्या झुंजीत कोणासच बहुमत मिळेना, व छत्तिसाव्या मतदानात सभेने त्यांच्याच गळ्यात माळ घातली. निवडणूक जिंकून ४ मार्च १८८१ रोजी त्यांनी अधिकारपदाची शपथ घेतली. झोपडीत दिवे लावून मुलास वाचावयास शिकविणारी ती वृद्ध माता या समारंभास हजर होती. पुत्राच्या पदग्रहणास उपस्थित राहिलेली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची ही पहिलीच माता होय.

आता कथेचा दुसरा भाग येतो.

त्या काळी अमेरिकेत सरकारी नोकऱ्या गुणावर नव्हे, तर वशिल्यावर वाटल्या जात. नवा अध्यक्ष आला की नोकरी मागणाऱ्यांची झुंबड त्याच्या दारी लागे. त्यांत चार्ल्स गीटो नावाचा एक विक्षिप्त मनुष्य होता. आपल्यामुळेच गारफील्ड निवडून आले, सबब आपणांस पॅरिस येथील वकिलातीत मोठी जागा मिळाली पाहिजे, असे त्याने मनाशी घेतले होते. नकार मिळताच त्याने पिस्तूल विकत घेतले. २ जुलै १८८१ रोजी सकाळी गारफील्ड आपल्या जुन्या कॉलेजातील समारंभास जाण्यासाठी वॉशिंग्टनच्या स्टेशनावर आले. त्यांचे दोन मुलगेही त्यांच्याबरोबर प्रवासास निघाले होते. पहारेकरी एकही नव्हता. गीटोने मागून दोन गोळ्या झाडल्या. एक दंडास चाटून गेली. दुसरी पाठीत उजव्या बाजूस शिरली, तिने बरगड्या फोडल्या, व ती पाठीच्या कण्यातील कमरेच्या पहिल्या मणक्यातून आरपार जाऊन शरीराच्या डाव्या भागात रुतून बसली.

येथे शरीररचनेचे दोन शब्द सांगितले पाहिजेत. पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांची माळ होय. या माळेच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरते, आणि मेंदूचे हुकूम हातापायांस व हातापायांच्या संवेदना मेंदूस पोहोचविते. मणका मोडला तर हाड जुळते. मज्जारज्जू तुटली तर ती पुन्हा जुळत नाही. गारफील्ड यांच्या मणक्यातून गोळी गेली, परंतु मज्जारज्जूस तिने स्पर्श केला नाही. थोडक्याच अंतराने केवढे संकट टळले होते! मोठी रक्तवाहिनीही तत्काळ फुटली नाही. गोळी ज्या जागी थांबली त्या जागी शरीराने तिच्याभोवती आवरण तयार करण्यास आरंभ केला. थोडक्यात, निसर्गाने आपल्याकडून तडजोड केली होती.

मनुष्यांनी ती मोडली. राष्ट्राध्यक्ष स्टेशनाच्या फरशीवर पडले असतानाच पहिल्या डॉक्टराने जखमेत बोट घातले. थोड्याच वेळात डॉ. विलर्ड ब्लिस हे आले, व त्यांनी सर्व सूत्रे हाती घेतली. त्यांनी जखमेत सळई घातली, बोट घातले. इतर डॉक्टरांनीही घातले. हात धुतलेले नाहीत, हत्यारे उकळलेली नाहीत, आणि खाली धुळीने माखलेली फरशी! हे सर्व त्या रोग्याच्या प्रेमापोटी चालले होते, हे विसरता कामा नये. गोळी बाहेर काढल्याखेरीज रोगी वाचत नाही, ही त्या काळची दृढ समजूत होती. वस्तुतः यादवी युद्धात लढलेले असंख्य शिपाई अंगात गोळ्या घेऊन त्याच देशात हिंडतफिरत होते, शेती करीत होते, नातवंडे खेळवीत होते. हा पुरावा डोळ्यांसमोर असूनही तो कोणी विचारात घेतला नाही.

तसेच, हात स्वच्छ ठेवण्याचे ज्ञान त्या वेळी जगात नव्हते, असेही नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे डॉ. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली गाडीखाली सापडून पाय मोडलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाची जखम कार्बोलिक आम्लाने धुऊन बांधली, व तो मुलगा पाय न गमावता बरा झाला. जखम सडते ती हवेच्या दोषाने नव्हे, तर डोळ्यांस न दिसणाऱ्या जंतूंमुळे सडते, हे फ्रान्समधील पाश्चर यांच्या शोधावरून लिस्टर यांनी ओळखले, व १८६७ साली ते प्रसिद्ध केले. १८७६ साली ते स्वतः अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे जाऊन तेथील डॉक्टरांपुढे हा विषय मांडून आले. पुष्कळांनी ऐकून घेतले, आणि घरी जाऊन पूर्वीचेच केले. जी वस्तू डोळ्यांस दिसत नाही ती आपल्या स्वतःच्या हातावर आहे व ती रोग्यास मारते, हे मान्य करणे मोठ्या व प्रतिष्ठित मनुष्यास फार कठीण जाते. तेथे विद्येपेक्षा नम्रता अधिक लागते.

रोगी पायांत वेदना व मुंग्या येत असल्याचे सांगत होता. ही खूण पाठीच्या कण्याकडे बोट दाखविणारी होती. परंतु गोळी उजव्या बाजूस खाली उतरली आहे, असा डॉ. ब्लिस यांचा ग्रह झाला होता, व त्या ग्रहास विरोध करणाऱ्यांस त्यांनी दूर ठेविले. पाच वर्षांपूर्वी टेलिफोन शोधून काढणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी शरीरातील धातू ओळखणारे विजेचे एक यंत्र घाईघाईने तयार केले. जुन्या शिपायांच्या अंगात राहिलेल्या गोळ्या त्या यंत्राने बरोबर दाखविल्या. २६ जुलै व १ ऑगस्ट या दिवशी त्यांनी ते राष्ट्राध्यक्षांच्या अंगावर चालवून पाहिले, पण यश आले नाही. अंथरुणाखालील गादीत पोलादी तारा होत्या, त्यांनी यंत्रास घोटाळ्यात टाकले. शिवाय शोध उजव्याच बाजूस करावयाचा होता, आणि गोळी डावीकडे होती! चुकीच्या ठिकाणी शोधले असता उत्तम यंत्रही आंधळे होते.

वॉशिंग्टनचा तो उन्हाळा भयंकर होता. खोली गार राहावी म्हणून आरमाराच्या यंत्रज्ञांनी बर्फावरून वारा सोडण्याची योजना केली. रोज जखमेत सळया जात, पू बाहेर येई, पुन्हा ताप भरे. दोनशे पौंडांहून अधिक वजनाचा तो धिप्पाड पुरुष सुमारे १३० पौंडांवर आला. सारे राष्ट्र रोज सकाळी वर्तमानपत्रात त्यांच्या तापाचा आकडा वाची. एवढ्या यातनांतही त्यांनी शुश्रूषा करणाऱ्यांवर चीड काढली नाही. समुद्राची हवा मानवेल या आशेने ६ सप्टेंबर रोजी त्यांस आगगाडीने न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील एल्बरॉन येथे नेले. स्टेशनापासून घरापर्यंत सुमारे ३,२०० फूट लांबीचा रूळमार्ग लोकांनी आदल्या रात्रीत जागून घातला, आणि शेवटच्या चढावर इंजिन चालेना, तेव्हा शेकडो हातांनी तो डबा ढकलीत दारापर्यंत पोहोचविला. खलाशी होऊ पाहणाऱ्या त्या मुलाने अखेरचे दिवस समुद्राकडे पाहत काढले. १९ सप्टेंबर १८८१ च्या रात्री त्यांचे देहावसान झाले. वय पन्नासही पुरे झाले नव्हते. त्यांची वृद्ध माता हे दुःख सोशीत पुढे आणखी सहा वर्षे जगली.

शवपरीक्षेत सत्य बाहेर पडले. गोळी डाव्या बाजूस, स्वादुपिंडाच्या मागे, आपल्या आवरणात निमूट पडलेली होती. जो लांबच लांब मार्ग डॉक्टर गोळीचा म्हणून उजवीकडे खणीत गेले, तो गोळीने केलाच नव्हता. तो बोटांनी, सळयांनी व पुवाने केलेला होता. साऱ्या देहात विषार भिनला होता, आणि अखेरीस प्लीहेकडे जाणारी रोहिणी फुटून रक्तस्राव झाला. खटल्यात गीटोने, आपण केवळ गोळी झाडली, मारले ते डॉक्टरांनी, असा बचाव केला. तो अर्थातच मानला गेला नाही, व ३० जून १८८२ रोजी त्यास फाशी झाली. ते योग्यच झाले. खुन्याचा अपराध दुसऱ्याच्या चुकीने धुतला जात नाही. तथापि आजच्या अनेक जाणत्या डॉक्टरांचे मत असे आहे की, त्या जखमेत कोणी हात घातला नसता तर गारफील्ड बहुधा वाचले असते. त्यांचा तो भोक पडलेला मणका अमेरिकेतील वैद्यकीय संग्रहालयात जपून ठेविलेला आहे.

हे मरण व्यर्थ गेले नाही. १८८३ साली अमेरिकेत कायदा होऊन सरकारी नोकऱ्या परीक्षा घेऊन गुणवत्तेवर देण्यास आरंभ झाला. वैद्यांच्या जगातही लिस्टर यांची पद्धत झपाट्याने रुजली. १८९५ साली राँटजेन यांनी क्ष-किरण शोधून काढले, व जखमेत बोट न घालता गोळी पाहण्याची सोय झाली. हा शोध चौदा वर्षे आधी लागता तर!

आज एखाद्याच्या पाठीत गोळी, चाकू किंवा लोखंडाचा तुकडा घुसला, तर काय करितात ते पाहू. प्रथम श्वास व रक्तस्राव सांभाळतात. जंतुनाशक औषधे व धनुर्वातावरील सुई देतात. नंतर क्ष-किरण व सी.टी. स्कॅन या साधनांनी ती वस्तू कोठे आहे, मणका स्थिर आहे की नाही, मज्जारज्जूवर दाब आहे काय, हे पाहतात. दाब नसेल व मणका स्थिर असेल, तर गोळी पुष्कळदा आहे तेथेच राहू देतात. पायांतील शक्ती कमी होत चालली असेल, मज्जारज्जूभोवतीचे पाणी जखमेवाटे गळत असेल, किंवा जखमेत पू झाला असेल, तरच शस्त्र हाती घेतात. तेव्हाही, जेथे शक्य असेल तेथे, पूर्वीप्रमाणे पाठ वीतभर फाडण्याऐवजी बोटाच्या पेराएवढी चीर देतात. स्नायू न कापता त्यांचे तंतू हलकेच बाजूस सारतात. त्यांतून बारीक नळी आत सरकवितात. आणि सूक्ष्मदर्शकातून अथवा नळीच्या दुर्बिणीतून पाहत तेवढाच तुकडा काढून घेतात. आपल्याकडे लोक यास दुर्बिणीची शस्त्रक्रिया म्हणतात. अशा रीतीने रक्त कमी जाते, जंतूंस वाव कमी मिळतो, व रोगी लवकर उठून बसतो. मात्र सर्वच जखमांस ही रीत लागू पडत नाही, आणि तुटलेली मज्जारज्जू कोणतेही शस्त्र सांधू शकत नाही, हेही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. जेवढे आवश्यक तेवढेच, स्वच्छ हाताने व डोळ्यांनी पाहून करावे, हे या नव्या विद्येचे सार आहे. गारफील्ड यांच्या खाटेपाशी नेमके याच्या उलट घडले.

गोळी अंगात राहूनही मनुष्य कोणती उंची गाठतो याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे श्री. मुरलीकांत पेटकर हे सैन्यात जवान होते. १९६५ च्या युद्धात त्यांस गोळ्या लागल्या; त्यांतील एक पाठीच्या कण्याशी कायमची राहिली, व कमरेखालील अंग लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. त्या स्पर्धांत हिंदुस्थानास मिळालेले ते पहिले सुवर्णपदक होय. २०१८ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. कालव्यात गटांगळ्या खाणारा जेम्स व पायांवाचून पाणी कापणारे पेटकर, या दोघांची चित्रे आमच्या विद्यार्थ्यांनी मनात शेजारी शेजारी लावावीत.

आता हा बोध आपल्या घरी आणू. अमरावती व अकोला या जिल्ह्यांत पिस्तुलाची गोळी लागण्याचे प्रसंग ईश्वरकृपेने थोडेच; परंतु शेत आहे तेथे दुखापत आहे. कापसाने भरलेल्या गाडीवरून मूल खाली पडते, विहिरीच्या काठावरून पाय घसरतो, मारका बैल शिंग खुपसतो, वखराची पास लागते, पऱ्हाटीच्या किंवा तुरीच्या धसकटावर मनुष्य पाठीवर आदळतो. अशा वेळी भोवती माणसे जमतात, आणि प्रत्येकाच्या हातास काहीतरी करावेसे वाटते. एक जण रुतलेली वस्तू ओढू पाहतो, दुसरा जखमेत तंबाखू किंवा राख भरतो, तिसरा रोग्यास बळेच उठवून बसवितो. या सर्वांच्या पोटात माया असते. परंतु वॉशिंग्टनच्या स्टेशनावरील डॉक्टरांच्या पोटातही मायाच होती.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस विनंती आहे की, पाठीस किंवा मानेस जबर मार लागला असेल तर मनुष्यास उठवू नये, बसवू नये, पाठ वाकवू नये. चौघांनी मिळून, मान व पाठ एका रेषेत राखून, सपाट फळीवर किंवा दारावर घेऊन त्यास हलवावे. आत रुतलेली वस्तू ओढून काढू नये. ती हलू नये अशा बेताने भोवती स्वच्छ कापडाच्या घड्या बसवाव्यात. रक्त वाहत असेल तर त्या वस्तूवर न दाबता तिच्या कडेने स्वच्छ कापडाने दाब द्यावा. साबणाने हात धुतल्याखेरीज जखमेस शिवू नये, आणि आत बोट तर कधीच घालू नये. मग विलंब न लावता अमरावतीचे इर्विन म्हणा, अकोल्याचे सर्वोपचार म्हणा, जे जवळ असेल ते रुग्णालय गाठावे. एवढे ज्यास समजले, त्याने या चरित्राचे वाचन सार्थकी लावले असे आम्ही समजू.

गारफील्ड यांच्या आयुष्याचा पूर्वार्ध आम्हांस सांगतो की, झाडू धरणारा हात उद्या राष्ट्राची सूत्रेही धरू शकतो. उत्तरार्ध सांगतो की, तो हात कितीही विद्वान व प्रेमळ असला, तरी तो स्वच्छ नसेल व वेळी आवरता येत नसेल, तर घात करितो. आमच्या शाळेतून पुढे कोणी डॉक्टर होतील, कोणी परिचारिका होतील, कोणी शेती सांभाळतील. त्या सर्वांच्या हातून काही ना काही दुखण्याची सेवा घडणारच आहे. ती घडताना, पुढे होण्यापूर्वी क्षणभर थांबून आपला हात पाहण्याची बुद्धी त्यांस होवो, एवढे इच्छून आम्ही ही कथा पुरी करितो.